गफूरभाईचा समुद्र

मी भुताखेतांना मानणारी बाई नाही, हे आधीच सांगून टाकते. लातूरच्या एका शाळेत आयुष्यभर विज्ञान शिकवलं. शाळेमागच्या पिंपळावर हडळ आहे म्हणून पोरी तिकडे फिरकायच्या नाहीत, तेव्हा मी मुद्दाम त्याच पिंपळाखाली वर्ग भरवला होता. हडळ काही आली नाही, मुंगळे मात्र भरपूर आले. सासर लिंगायत, घरात रोजची पूजा, पण तिथेही मी आपली ‘करायचं म्हणून करते’ या पंथातली. त्यामुळे न उलगडलेल्या अनुभवांच्या या सदरात मला बघून माझ्या जुन्या विद्यार्थिनी हसतील. हसू देत. मी स्वतःही हे लिहिताना दोनदा कागद फाडला आहे.

लातूर जिल्हा नवा नवा झाला होता तेव्हाची गोष्ट. दुकानांच्या पाट्यांवरचं ‘जि. उस्मानाबाद’ खोडून ‘जि. लातूर’ रंगवायचं काम जोरात चालू होतं. पेंटर लोकांची चंगळ होती आणि बाकी सगळ्यांची होरपळ… कारण पाऊस रुसलेला. नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, तेही करंगळीएवढी धार. विहिरींचे तळ दिसत होते. ‘जिल्हा आला अन् पाणी गेलं’ असं आमच्या गल्लीत म्हणायचे.

अशा दिवसांत रेणापूरच्या गफूरभाईंनी आमच्या कापडदुकानासमोर एक जुनी जीप आणून उभी केली आणि तिच्यावर पाटी लावली — ‘खाजगी सहल, एक दिवस, गाईडसह. समुद्र, डोंगर, गुहा, वन्यप्राणी.’

लातुरात समुद्र! सगळा बाजार हसायला लागला. झालं होतं असं, की गफूरभाईंनी बरीच वर्षं कोकणात टुरिस्ट गाड्या चालवल्या होत्या. जिल्हा झाला, आता साहेब लोक येतील, पाहुणे येतील, त्यांना फिरवू, या हिशेबानं ते गावी परतले. पाटीसाठी नमुना म्हणून त्यांनी पेंटरला तिकडचं जुनं पत्रक दिलं, आणि पेंटरनं इमानेइतबारे ते सगळंच्या सगळं उतरवलं.

दुकानाच्या ओट्यावर माझे सासरे बसलेले असायचे. त्यांना सगळे आप्पा म्हणत. दुकान मुलाच्या, म्हणजे आमच्या ह्यांच्या, ताब्यात दिलं होतं, पण ओटा काही सोडला नव्हता.

“काय गफूर,” आप्पांनी हाक मारली, “समुद्र कुठं ठिवलास रं?”

“आप्पा, पैले पाऊस तर पडू द्या,” गफूरभाई म्हणाले. “बाकी तीन चीज आज बी दाखवतो. गुहा हाय, डोंगर हाय, हरन हाय. समुंदर उधार.”

आप्पा इतके हसले की त्यांना ठसका लागला. सासूबाई जाऊन वर्ष होत आलं होतं, आणि त्या वर्षात मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. संध्याकाळी जेवताना ते म्हणाले, “मुखेडकडं डोंगरात लेणी हाईत. आत महादेव हाय. तुझ्या सासूला लई वाटायचं, एकदा तिथं बसून पूजा करावी. न्यायचं ऱ्हाऊन गेलं.” मग थोड्या वेळानं, ताटाकडे बघत — “गफूरला सांग, येतो म्हनावं.”

ज्यांना आमच्याकडची रीत माहीत नाही त्यांच्यासाठी इथे थोडं थांबते. लिंगायत माणसाच्या गळ्यात इष्टलिंग असतं. मूल जन्मलं की गुरू ते बांधतात आणि ते मरेपर्यंत अंगावरून उतरत नाही. आप्पांचं लिंग पांढऱ्या कापडात बांधलेलं असे, आवळ्याएवढी पुरचुंडी, दोऱ्यानं गळ्यात. रोज सकाळी ते डाव्या तळहातावर घ्यायचं, पाणी घालायचं, भस्म लावायचं, ते पाणी तीर्थ म्हणून प्यायचं. त्याच्या आधी आप्पा पाण्याचा थेंब घेत नसत. आणि माणूस गेला की त्याला बसवून पुरतात आणि त्याचं लिंग त्याच्या डाव्या हातात ठेवतात. सासूबाईंच्या हातात ते ठेवताना मी स्वतः पाहिलं होतं.

तर सहलीच्या दिवशी आम्ही तांबडं फुटायला निघालो. आप्पा, आमचे हे, मी आणि गफूरभाई. पूजा लेण्यातच करायची ठरलेली, म्हणून आप्पांनी आंघोळ करून तसंच, कोरड्या तोंडानं प्रस्थान ठेवलं. मला ते पटलं नव्हतं. आदल्या उन्हाळ्यात ते ओट्यावरच चक्कर येऊन पडले होते, आणि डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं की यांना उन्हाळ्यात पाणी कमी पडू देऊ नका, मूत्रपिंडं अधू झाली आहेत. पण सून म्हणून मी किती बोलणार! हे म्हणाले, “दहापर्यंत पोचूच की.” जीपच्या पुढे गफूरभाईंनी पाण्यानं भरलेली छागल टांगली होती. कापडाची ती पिशवी वाऱ्यानं गार होते, जुन्या लोकांना आठवत असेल. ते स्वतः त्यातलं पिणार नव्हते, कारण रमजान चालू होता आणि त्यांचा रोजा होता.

“म्हंजे आज आपन दोघं बी उपाशी,” आप्पा खुशीत म्हणाले.

“मेरा तो मगरिब तक है आप्पा, सूरज डूबेतक. तुमचा लेण्यापर्यंत. तुमचं बरं हाय.”

गाईड म्हणून गफूरभाई अफलातून होते. रस्त्यात जे जे दिसेल ते त्यांच्या हिशेबानं ‘पाच हजार साल पुराना’. एक पडकी चावडी पाच हजार साल, एक वाळलेली बारव पाच हजार साल. एका मैलाच्या दगडाबद्दलही ते तेच म्हणाले तेव्हा मी म्हटलं, “गफूरभाई, त्याच्यावर किलोमीटर लिहिलंय.” ते म्हणाले, “भाभी, रंग नवा हाय.”

अहमदपूरच्या अलीकडे एका माळावर त्यांनी जीप थांबवली. वन्यप्राणी. आम्ही आपलं एखादा ससा वगैरे धरून चाललो होतो, पण खरंच, बाभळींच्या पलीकडे काळविटं उभी होती. एक काळाभोर नर आणि पाच-सहा माद्या. टँकर भरताना सांडलेल्या पाण्याला ती आली असावीत. आप्पा खाली उतरले आणि पोरासारखे वाकून बाभळीच्या काट्यांमधून आत शिरले. “लई ग्वाड हाईत गं,” असं ते मला कुजबुजून सांगत होते. ती जनावरं आमच्याकडे बघत राहिली आणि मग एकाएकी उड्या मारत गेली. आप्पा परत आले तेव्हा शर्टाला काटे लागलेले, चेहरा फुललेला. त्या दिवसातला तो सगळ्यात चांगला क्षण होता आणि सगळं बहुधा तिथेच बिघडलं.

मुखेडच्या अलीकडे मुख्य रस्ता सोडून कच्च्या वाटेनं आत गेलं की ओळीनं डोंगर लागतात. झाड नावाला नाही, दगड तापून तांबडे झालेले. गावातले लोक त्यातल्या एकाला नुसतंच ‘लेणीचा डोंगर’ म्हणतात. जीप पायथ्याला ठेवून थोडं चढावं लागतं. वर दगडात कोरलेल्या दोन खोल्या आहेत. पहिली मोठी, आत पिंड. शेजारी दुसरी, तिचं दार इतकं बुटकं की गुडघ्यावर वाकून जावं लागतं आणि आत पायऱ्या उतरून एक टाकं.

आप्पा पहिल्या लेण्यात आसन पसरून बसायच्या तयारीला लागले. पूजेला वेळ होता म्हणून गफूरभाईंनी आम्हा नवराबायकोला शेजारचं टाकं दाखवायला नेलं. दाराशी ओणवं होऊन त्यांनी आत टॉर्च मारला.

“पांडवांचा हौद. पाच हजार…”

“साल,” आम्ही दोघं एकदमच म्हणालो.

टाकं कोरडं ठणठणीत होतं. तळाला चाळणीनं चाळल्यासारखी बारीक माती, तिच्यावर कुणाच्या पावलाचा ठसा नाही. कित्येक वर्षांत तिथे पाणी नव्हतं, असं वाटेत भेटलेल्या गुराख्यानंही सांगितलं होतं. आम्ही आत उतरलोच नाही. टॉर्चचा उजेड कोपऱ्यातून कोपऱ्यात फिरला, आत काहीही नव्हतं. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढचं सगळं यावर टेकलं आहे.

परत आलो तर आप्पा आसनावर बसलेले, डावा हात छातीवर.

“सुरेखा,” ते मला म्हणाले, “माझ्या गळ्यात बघ गं जरा.”

गळ्यात काही नव्हतं. दोरा नाही, पुरचुंडी नाही.

आम्ही लेणं पालथं घातलं. चढून आलेली वाट दोनदा उतरून-चढून पाहिली. जीपच्या सीटा उचकटल्या. आप्पांना शर्ट काढायला लावून झटकला. शेवटचा हात कधी लागला होता, तर पहाटे निघताना, त्यानंतरचं कुणालाच आठवेना. ऊन चढत होतं. मी तांब्या पुढे केला. घरून आणलेला फिरकीचा तांब्या, काठोकाठ भरलेला, झाकण घट्ट.

“आप्पा, आधी पाणी घ्या. मग शोधू.”

“घावल्यावर घेतो,” ते म्हणाले. आवाज अगदी साधा होता, हट्टाचा नव्हता, आणि त्यामुळेच मला भीती वाटली.

हे चिडले. “आप्पा, काहीतरी बोलू नका. डॉक्टरनं काय सांगितलंय? मठातल्या स्वामींकडून दुसरं बांधून घेऊ.”

“घ्या की. आना सामीला. ते बांधतील तवा पितो. मी कुटं न्हाई म्हनून राह्यलो?”

गफूरभाई दाराशी उकिडवे बसले होते. त्यांच्या ओठांवरही कोरड होती. “आप्पा,” ते हळूच म्हणाले, “माझा रोजा सूरज डूबेतक. तुमचा कधी सुटायचा?”

“त्येच्या हातात हाय,” आप्पांनी पिंडीकडे बोट दाखवलं.

मग ठरलं ते असं. हे आणि गफूरभाई जीप घेऊन मागे जाणार, काळविटांचा माळ शोधणार, तिथे नाही मिळालं तर अहमदपूरच्या मठातून स्वामींना घेऊन येणार. आप्पांना उन्हात हिंदकळत नेण्यात अर्थ नव्हता आणि ते उठायलाही तयार नव्हते. लेण्यात निदान सावली होती. मी त्यांच्याजवळ थांबले. जीप गेली, छागलही तिच्याबरोबर गेली. आमच्याकडे टॉर्च, आसन, पूजेची पिशवी आणि तो भरलेला तांब्या राहिला.

सुरुवातीला मी बऱ्याच गोष्टी बोलून पाहिल्या. समजावलं, रागावलं. “देवाला माणसाची तहान कळत नाही का हो, आप्पा?”

“कळतीय की. म्हनून तर थांबलोय.”

“आणि तुम्हाला काही झालं तर?”

त्यांनी डावा तळहात उघडून त्याच्याकडे पाहिलं. मग म्हणाले, “तुझ्या सासूला बशिवलं तवा तिच्या हातात तिचं लिंग हुतं. बघितलंस न्हवं तू? मला माझं नाव कळायच्या आधी ते माझ्या गळ्यात आलंय, पोरी. दुकान पोराकडं गेलं, ती गेली, दात गेले, ते हाय. मला मोकळ्या हातानं मातीत घालू नका. दुसरं काय मागनं न्हाई.”

मला रडू आलं आणि त्याचा रागही आला. त्यांनी दोनदा सांगितलं, “तू पी गं, तुला कशाला?” पण त्यांच्यासमोर घोट घेणं मला जमेना. तांब्या आमच्या दोघांच्या मध्ये तसाच होता.

दुपार झाली. बाहेरचं ऊन इतकं पांढरं होतं की दाराकडे बघवत नव्हतं. आप्पा भिंतीला टेकून बसले होते. मी त्यांच्या मनगटाची कातडी चिमटीत धरून सोडली, ती तशीच उभी राहिली, खाली बसेना. अंगातलं पाणी कमी झालं की असं होतं, हे मी दरवर्षी मुलींना शिकवत आले होते. नाडी भरभर चालली होती. थोड्या वेळानं ते सासूबाईंशी बोलायला लागले. “अगं, चुलीवरचं उतू चाललंय बघ,” असं काहीतरी. मी घाबरले. मनात म्हटलं, आता रीत गेली खड्ड्यात. झाकण फिरवून तांब्या त्यांच्या ओठाला लावला. त्यांनी डोळे न उघडता ओठ गच्च मिटून घेतले आणि मान फिरवली. अर्धवट शुद्धीत, आणि तरीही! मी झाकण परत लावलं, तांब्या खाली ठेवला आणि ओक्साबोक्शी रडले. मोठ्यानं रडले, ऐकायला कुणी नव्हतंच.

रडणं थांबलं तेव्हा मला ऐकू आलं…

टप्प.

थांबून पुन्हा — टप्प.

पाण्याचा थेंब पडल्याचा आवाज. आधी मी तांब्या पाहिला. बाहेरून कोरडा, झाकण घट्ट. छताकडे पाहिलं. दगड तापलेला. आवाज शेजारून येत होता, टाक्याच्या खोलीतून. मी टॉर्च घेऊन बाहेर आले, त्या बुटक्या दारातून गुडघ्यांवर आत गेले. खरं सांगते, भीती अजिबात वाटली नाही. मनात फक्त एकच होतं, की पाणी असेल तर त्यांचं अंग तरी पुसून काढता येईल.

टाक्यात पाणी नव्हतं. सकाळी पाहिली तीच चाळल्यासारखी माती. आणि तिच्या मधोमध ती पांढरी पुरचुंडी.

मी पायरीवरूनच टॉर्च सगळीकडे फिरवला. मातीवर कशाचाच ठसा नव्हता. माणसाचा नाही, माकडाचा नाही, पाखराचाही नाही. मी उतरले तेव्हा माझी पावलं उमटली, तेवढीच. पुरचुंडी उचलली आणि माझ्या हातून ती सुटता सुटता राहिली. ती ओलीचिंब होती. गार. माठात बुडवून काढावी तशी. माझ्या बोटांमधून पाणी खाली गळलं आणि मातीत जिरलं. ती होती तिथे तळहाताएवढा ओला डाग होता, बाकी सगळं टाकं कोरडं. छत चाचपलं, भिंती चाचपल्या. सगळं कोरडं आणि गरम.

मी धावत आले. “आप्पा, सापडलं!” म्हणून त्यांचा डावा हात उघडून त्यात ती ठेवली. गार लागताच त्यांनी डोळे उघडले. कुठे सापडलं, कसं सापडलं, काही विचारलं नाही. गाठ त्यांनीच सोडली. लिंग तळहातावर घेतलं आणि ते ओलं कापड त्याच्यावर धरून पिळलं. एका ओल्या फडक्यातून निघावं तेवढं पाणी निघालं, तळहात भरला. भस्म लावलं, काहीतरी पुटपुटले, आणि ते पाणी प्याले. मग हात माझ्यापुढे केला. तळहातात अजून थोडं होतं.

मी प्याले. गोड पाणी होतं. आमच्या त्या वर्षीच्या टँकरच्या पाण्याला गंजाचा वास यायचा आणि तांब्यातलं पाणीही तेच होतं. हे तसं नव्हतं. यापलीकडे मला त्याचं वर्णन करता येत नाही.

त्यानंतर आप्पांनी तांब्यातलं पाणी घोट घोट करत अर्ध्याहून जास्त संपवलं. मी मोजून मापून पाजत होते, एकदम देऊ नये म्हणून. हळूहळू त्यांचे डोळे जागेवर आले. मला बघून म्हणाले, “तू बी पी की. कामून बसलीस तशी?”

उन्हं कलल्यावर जीप आली. हे वर आले ते उतरलेल्या चेहऱ्यानं. मठातले स्वामी परगावी गेले होते, कधी येतील कुणाला माहीत नव्हतं. “आणि माळावर एवढंच सापडलं,” म्हणून त्यांनी खिशातून दोरा काढला. आप्पांचा गळ्यातला दोरा. बाभळीच्या काट्यात अडकलेला. गाठ तशीच्या तशी, एका जागी काट्यानं कापला गेलेला. खालची माती त्यांनी आणि गफूरभाईंनी हातांनी उपसली, पण पुरचुंडी मिळाली नाही.

मी नुसतं आप्पांच्या हाताकडे बोट केलं. हे पुढे झाले आणि ते ओलं कापड हातात घेऊन चाचपून पाहिलं.

सगळं सांगून झालं तेव्हा गफूरभाईंनी माझ्याकडून टॉर्च घेतला. ते टाक्याच्या खोलीकडे गेले, दारातून टॉर्च मारून बराच वेळ बघत राहिले, आणि आले. आप्पांनी त्यांना जवळ बोलावलं आणि ते पिळलेलं, तरीही गार असलेलं कापड त्यांच्या हातावर ठेवलं.

“समुद्र उधार म्हनला हुतास न्हवं?” आप्पा म्हणाले. “फिटली बघ उधारी. तुझी पाटी खोटी न्हाई.”

गफूरभाईंनी ते कापड डोळ्यांना लावलं. पाणी प्यायचं नव्हतं त्यांना, पण डोळ्यांना लावायला रोजा आड येत नाही.

परतताना अहमदपूरच्या पुढे सूर्य टेकायला आला, तेव्हा आप्पा स्वतःहून म्हणाले, “गफूर, थांबव गाडी. तुझी येळ झाली.” रस्त्याच्या कडेला गफूरभाईंनी खिशातून खजूर काढला. आप्पांनी छागल सोडून घेतली आणि आपल्या हातानं त्यांच्या ओंजळीत पाणी ओतलं. मी यांना म्हटलं, “आपणही खाऊन घेऊ या.” मग आम्ही सगळ्यांनी जीपच्या बोनेटवर घरचा धपाट्यांचा डबा उघडला. त्या दिवसातलं आमचं पहिलं जेवण ते.

आता तुम्ही म्हणाल, याचा उलगडा सोपा आहे. मीही म्हटलंय. इतकी वर्षं तेच करते आहे. काट्यात दोरा तुटला, पुरचुंडी शर्टाच्या आत अडकली, लेण्याजवळ पडली — ठीक. पण टाक्यात आप्पा गेलेच नव्हते, मातीत त्यांची पावलं नव्हती. माकडानं उचलून टाकली असेल, तर ठसे कुठे आहेत? दारातून फेकली असेल, तर ओली कशी? घामानं भिजली म्हणावं, तर एवढा घाम अंगात असता तर आप्पांची ती अवस्था झाली असती का? काही वर्षं मला गफूरभाईंचा संशय होता, तेही कबूल करते. पण ते यांच्याबरोबर माळावर होते, छागलही तिकडेच होती. माझाच संशय घ्यायचा तर घ्या, उन्हानं माझं डोकं फिरलं असेल. पण मग ते पाणी आप्पा प्याले कसे, आणि यांनी ते कापड हातात घेतलं कसं? एक स्पष्टीकरण एक तुकडा झाकतं आणि दुसरा उघडा टाकतं… अपुऱ्या पांघरुणासारखं.

आणि अजून एक. त्या उन्हाळ्यात धुतलेलं लुगडं दोरीवर टाकून पाठ वळवेपर्यंत वाळायचं. ते वीतभर कापड पिळून, उघड्या जीपमधून, गरम वाऱ्यात घरी आलं तेव्हाही दमट होतं.

गफूरभाईंना मी एकदा विचारलं होतं, तुम्हाला काय वाटतं म्हणून. ते म्हणाले, “भाभी, अपने को समजता नै वो सब झूट थोडी हाय? समजनेका नै, शुकर करनेका.” त्यांची सहल पुढे काही फारशी चालली नाही. जीप मुखेड-अहमदपूर वडापला, म्हणजे माणशी भाडं घेऊन प्रवासी वाहायला, लागली. पाटी मात्र त्यांनी काढली नाही आणि समुद्र हा शब्द कुणाला खोडू दिला नाही.

आप्पा त्यानंतर बरीच वर्षं जगले. गेले ते थंडीत, झोपेत, कुणाला त्रास न देता. त्यांना बसवलं तेव्हा यांनी त्यांचा डावा हात उघडला आणि मी पुरचुंडी पुढे केली. गफूरभाई मागे डोक्याला रुमाल बांधून उभे होते. पुरचुंडीवर त्यांची मूठ मिटवताना मला ते लेणं, ते मिटलेले ओठ, सगळं आठवलं. माती पडायला लागली तरी मी त्या हाताकडेच बघत होते. मोकळा नव्हता.

शाळेत मी दरवर्षी बाष्पीभवनाचा धडा ओल्या रुमालानं शिकवायचे. रुमाल खिडकीत वाळत घालायचा, तास संपेपर्यंत तो कोरडा व्हायचा आणि मग मुलींना विचारायचं, पाणी गेलं कुठे? सगळ्या हात वर करायच्या. उत्तर सगळ्यांना यायचं. त्या सहलीनंतर मात्र तो रुमाल खिडकीत टाकला की दरवेळी मनात तो दुसरा प्रश्न यायचा, पाणी आलं कुठून? वर्गात मी तो कधीच विचारला नाही. उत्तर मलाच येत नव्हतं, अजूनही येत नाही.